सीड बग म्हणजे ढेकूणच

बियांतला रस ओढणाऱ्या 'सीड बग' या किड्याला मराठीत 'बीजभुंगा' म्हणावं का, आणि गादीतल्या ढेकणाचं नाव कपाशीवरच्या लाल किड्याला का चिकटवलं, असा प्रश्न आला आहे.

भुंगा नकोच. साठवणीतल्या हरभऱ्याला भोकं पाडतो तो भुंगा. त्याला कुरतडणारे जबडे असतात. सीड बगला सोंड असते. एरवी ती पोटाखाली दुमडलेली, खायच्या वेळी बोंडात खुपसून तो सरकीतला रस ओढतो. गादीतला ढेकूण तेच करतो, फक्त आपल्या अंगात. दोघेही सोंडेने रस ओढणाऱ्या किड्यांच्या हेमिप्टेरा गणातले, त्यातही हेटेरोप्टेरा या एकाच उपगणातले. तेव्हा कपाशीवरच्या किड्यांची 'लाल ढेकूण', 'करडा ढेकूण' ही शेतातली नावं अगदी चोख आहेत. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेसुद्धा 1758 मध्ये गादीतला ढेकूण आणि झाडांवरचे त्याचे भाऊबंद 'सिमेक्स' या एकाच नावाखाली घातले होते. त्याच्या शिष्याने, फॅब्रिसियसने, 1794 मध्ये 'लायगियस' ही प्रजाती वेगळी काढली. सीड बगांच्या लायगेइडी कुळाचं नाव तिच्यावरून आलं.

गंमत अशी की लाल ढेकूण या कुळात बसतच नाही. भिंगाखाली डोकं बघा. करड्याला दोन मोठ्या डोळ्यांखेरीज माथ्यावर ठिपक्यांएवढे दोन साधे डोळे असतात, लालला ते नसतात. म्हणून लालची रवानगी पिऱ्होकोरिडी कुळात. रुईच्या झुडपावर (चिकाची रुई, जिनिंगमधली नव्हे) दिसणारा लाल-काळा किडा मात्र अस्सल लायगेइडी. करडाही पूर्वी तिथलाच, पण 1997 मध्ये कीटकशास्त्रज्ञ थॉमस हेन्री यांनी त्या जुन्या कुळाची 11 कुळांत वाटणी केली आणि करडा ऑक्सिकॅरेनिडीत गेला. त्या वाटणीतल्या ब्लिसिडी कुळातले ढेकूण गवताचा रस पितात, जिओकोरिडीतले तर बरेचसे बारीक किडे मारून खातात. म्हणजे इंग्रजी नावातलं 'सीड'च डळमळीत, आपला 'ढेकूण' पक्का. हवं तर 'बी-ढेकूण' म्हणा.

'ढेकूण' हे नाव खरं ताणलं गेलंय ते 'पिठ्या ढेकणा'त (मिलीबग). तो मावा आणि पांढऱ्या माशीच्या गोतावळ्यातला. पण आता ते बदलायला जाऊ नये; कृषी सेवा केंद्रात दुसरं काही सांगितलंत तर औषध भलतंच मिळेल.