वाचक विचारतात : मार्क चांगले, तरी आपण तोतये?

प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडतात, पण दर वेळी वाटतं की पेपर सोपा होता म्हणून निभावलं, एक दिवस माझं पितळ उघडं पडणार. घरी लहानपणापासून ‘हिला अभ्यास करावाच लागत नाही’ असं कौतुक व्हायचं. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ‘आपण तोतये आहोत’ या भावनेवर (इंग्रजीत ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’) पहिला शोधनिबंध लिहिला, तेव्हाच त्यांनी दोन तऱ्हेची घरं नोंदवली होती. एका घरात ‘हुशार’ हा मान एका भावंडाला आधीच मिळून गेलेला असतो. दुसरीनं कितीही मार्क आणले तरी ती ‘समजूतदार’च राहते. दुसरी तऱ्हा तुमच्या घराची, हिला सगळं सहज जमतं. अशा मुलीला पुढे एखादा विषय जड गेला की ‘विषय अवघड आहे’ असं वाटत नाही, ‘मी मुळात हुशार नाहीच’ असं वाटतं.

सगळं घरावर ढकलू नका मात्र. चटकन धास्तावणारा स्वभाव आणि ‘लोकांना माझ्याकडून चूक चालणार नाही’ ही समजूत असली की ही भावना जास्त दिसते. मग परीक्षा आली की एक तर गरजेपेक्षा दुप्पट तयारी होते, नाही तर शेवटच्या रात्रीपर्यंत टाळाटाळ. यश मिळालं तर दुप्पट तयारी केलेली असताना श्रेय मेहनतीला, टाळाटाळ केलेली असताना नशिबाला. तुमच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

हे चक्र तोडायला कमी मार्कांची एखादी चाचणी निवडा. धडा एरवी चार वेळा वाचत असाल तर तीनदाच वाचा. चाचणीआधी अपेक्षित मार्क कागदावर लिहा, निकालानंतर शेजारी खरे मार्क लिहा आणि कोणते प्रश्न कशामुळे सुटले ते एका ओळीत नोंदवा. चार-पाच चाचण्यांनंतर दोन्ही आकडे ताडून पाहा. बहुतेकांचं बिनसतं ते वार्षिक परीक्षेवरच हा प्रयोग केल्यानं. भीती वरचढ ठरते आणि पाचवं वाचन सुरू होतं. ‘मला जमेल ना?’ असं मैत्रिणींना विचारत राहणंही थांबवा. तो दिलासा जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरतो.

प्रश्न : मुलानं ‘आपण तोतये आहोत’ ही भावना मोजणारी क्लान्स यांची चाचणी सोडवली, ७२ गुण आले. हा आजार आहे का? पालक म्हणून काय करावं?

उत्तर : आजार नाही. त्या चाचणीत २० विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण २० ते १००. ६१ ते ८० म्हणजे अशी भावना वारंवार येते, एवढंच. निदान म्हणून तो आकडा वापरू नये.

‘अरे, तू हुशारच आहेस’ हे वाक्य मात्र बंद करा. त्यानं धीर येत नाही, आणखी एक अपेक्षा अंगावर पडते. ‘हे गणित कसं सोडवलंस?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. त्याचे अर्ज तुम्ही भरू नका, प्रकल्प तुम्ही तपासू नका. अतिजपणुकीतून ‘मला एकट्याला जमणार नाही’ असाच अर्थ मुलं काढतात. झोप उडाली, जेवण तुटलं किंवा तो परीक्षाच चुकवू लागला, तर समुपदेशकाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी.