धीर द्यायला पदवी कशाला?

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मोठं आहे, त्यातला गाभा असा:

‘मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. थोरली मुलगी यंदा समाजशास्त्र घेऊन बी.ए. होईल. पुढं बी.एड. करून जवळच्या एखाद्या शाळेत लागावं, असं आमचं ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेला. मिरजेच्या दवाखान्यात सोबतीला बहुतेक वेळा तीच असायची. तिथल्या समाजसेवा विभागातल्या एक बाई मामाशी बोलायला यायच्या. तेव्हापासून पोरीनं एकच धरलंय, एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करून कॅन्सरच्या पेशंटांचं काम करणार. माझं म्हणणं, माणसाला धीर द्यायला पदवी कशाला लागते? ते तर शेजारीपाजारीही करतात. यात पोट भरेल का? रोज अशा दुःखात बसून पोरीचं काय होईल? आणि आम्ही पडलो मराठी. कर्नाटकात आम्हाला कोण घेणार?’

नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडला. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्याच्यावरच खर्च करते, पगाराचं नंतर बघू.

शेजारीपाजारी काय धीर देतात, ते जरा आठवा. तुमच्या मेहुण्यांना भेटायला आलेल्यांतला एक म्हणाला असेल, ‘काही होत नाही, महिन्यात उठून बसाल.’ दुसऱ्यानं कुठल्या तरी पाल्याच्या रसाचा पत्ता दिला असेल. तिसऱ्यानं त्याच्या गावात याच आजारानं गेलेल्याची हकिगत सांगितली असेल आणि मग जीभ चावली असेल. मनात कुणाच्या वाईट नसतं. पण ‘हिंमत ठेवा’ म्हटल्यावर हलकं वाटतं ते म्हणणाऱ्याला. आजारी माणूस मान डोलावतो आणि आणखी गप्प होतो, कारण आता त्याला घाबरायचीही सोय उरत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलेला प्रसंग सांगते. ती अशाच एका रुग्णालयात काम करते. हुक्केरीकडची एक बाई, स्तनाचं ऑपरेशन झालेलं, किमो चालू. डॉक्टरांनी विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायची आणि पुढच्या तारखेला यायचीच नाही. फाइलवर ‘अनियमित’ असा शेरा पडला. माझी विद्यार्थिनी तिच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि तब्येतीचं काहीच न विचारता म्हणाली, ‘घरात भाकरी आता कोण करतंय?’ बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘पोरगी करती. सहावीत हाय.’ आणि मग सगळं बाहेर आलं. जावेनं ताट-तांब्या वेगळा काढून दिला होता. नवरा सोप्यात झोपायला लागला होता. किमो झाली की चार दिवस उठवत नाही, त्या दिवसांत पोरीची शाळा बुडते, म्हणून बाई तारखाच चुकवत होती.

आता पुढचं बघा. माझी विद्यार्थिनी तिला ‘खचू नका’ म्हणाली नाही. पुढच्या खेपेला नवरा आणि जाऊ दोघांनाही सोबत आणायला लावलं आणि हा आजार शिवाशिवीनं, उष्ट्या-खरकट्यानं पसरत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोर वदवून घेतलं. किमो शुक्रवारी धरता येईल का ते विचारून घेतलं, म्हणजे निदान रविवारी तरी शाळा बुडायचा प्रश्न नाही. नवऱ्याशी वेगळं बोलली. ऑपरेशननंतर बायकोजवळ जावं की नाही, हे त्या माणसाला कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

भाकरीचा तो प्रश्न सुचायला शिकावं लागतं. उत्तर आल्यावर घाईनं सल्ला न देणं, ते तर त्याहून जास्त.

मनाचा त्रास मोजायची एक साधी रीतही या क्षेत्रात वापरली जाते. गेल्या आठवड्यात त्रास किती झाला, ते ० ते १० मध्ये सांगायचं. ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला की नुसतं पुढं न जाता खोलात विचारायचं: पैसा, घर, झोप, भीती, देवावरचा राग, नेमकं काय? शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला आकडा कसा विचारायचा, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं.

तुम्ही वखारीत आहात, म्हणून तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं बोलते. तंबाखू, गुटखा, मिश्री यांतून आजार झालेल्या माणसाच्या डोक्यावर एक जादा ओझं असतं, ‘आपल्याच हातानं करून घेतलं’ हे. घरचेही रागाच्या भरात तेच ऐकवतात. जबड्याचं ऑपरेशन झालं की लाळ गळते, चारचौघांत जेवता येत नाही, मग लग्नाकार्याला जाणं सुटतं. स्वरयंत्र काढलेल्याला तर मनातलं सांगायला आवाजच राहत नाही. अशा माणसाशी बोलायचं म्हणजे पाटी-पेन्सिल हातात द्यायची, हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न करायचे आणि त्याचं लिहून होईपर्यंत त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. करून बघा, किती अवघड आहे ते.

आपल्याकडचं आणखी एक दुखणं म्हणजे ‘त्यांना सांगू नका’. मुलगा दाराबाहेर डॉक्टरांना गाठून हात जोडतो, ‘आबांना कॅन्सर म्हणू नका, साधी गाठ म्हणा.’ आबा मात्र त्याच रांगेत बसून, केस गेलेल्या माणसांकडे बघत, शेक (रेडिएशन) घेऊन आलेले असतात. त्यांना कळलेलं असतं. पोराला वाईट वाटेल म्हणून तेही बोलत नाहीत. दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतात आणि सहीचे कागद, शेताची वाटणी, कुणाला एकदा भेटायची इच्छा, सगळं तसंच राहून जातं. शिकलेली समाजसेविका इथं मुलाला खोटं पाडत नाही आणि आबांवर सत्य आदळतही नाही. आधी मुलाला विचारते, ‘सांगितलं तर काय होईल असं वाटतं?’ मग आबांना, ‘तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?’ बहुतेक वेळा आबाच सांगतात. काहींना खरोखर ऐकायचं नसतं, तर तेही मानायचं. कुणाला किती ऐकायचंय, हे ओळखण्यातच या कामाचं अर्धं कसब आहे, असं माझं मत.

हे काम आजचं नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलनं १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंना रुग्णांच्या घरच्या अडचणी बघायला नेमलं होतं. सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट तर मुलीला जरूर सांगा. त्या आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यानं ते सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं घर, काढलं. कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं असं एकत्रच असतं, ही त्यांची मांडणी आज जगभर शिकवली जाते. आपल्याकडं १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना ही देशातली पहिली अशी संस्था सुरू झाली. तिची एक शाखा गोव्यात, म्हणजे तुम्हाला घाट उतरला की आहे.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यातल्या बाई तर योजनांचे फॉर्म भरतात. भरतात, आणि ते भावनिक कामापासून वेगळं काढता येत नाही. रात्री झोप न लागण्याचं कारण मरणाची भीती असेल किंवा व्याजानं काढलेले पैसेही असतील. आपल्या भागात हे कामही दुप्पट गुंतागुंतीचं आहे. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण बऱ्याच उपचारांना आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. पलीकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. कोणत्या राज्याचा कागद कोणत्या दवाखान्यात चालतो, हे माहीत असलेलं माणूस काउंटरवर भेटलं तर घरच्यांची एक खेप वाचते. उपचारासाठी रेल्वेनं जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. किती जण हे जाणतात? मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायला म्हणून मिरजेहून पूर्ण तिकीट काढून गाडीत बसणारे मी पाहिलेत.

भाषेचं तुम्ही उलटं धरलंय. मुलगी निपाणीची आहे, मराठी घरची आहे, शाळेत कन्नड शिकली आहे. बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, सगळीकडे दोन्ही भाषांचे रुग्ण येतात. अथणीची आजी आपलं दुःख कन्नडमध्येच सांगणार आणि खानापूरचा म्हातारा मराठीत. दुभाष्या मध्ये बसवून रडता येत नाही. सीमाप्रश्न आपल्या जागी राहू द्या, पोरीला कन्नड बोलायला-लिहायला पक्कं करू द्या. कर्नाटकातल्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा असते, तिथंही उपयोग होईल. दुसऱ्या बाजूला, तुमचं गाव त्या ८६५ मध्ये असेल तर महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांसाठीही तिला अर्ज करता येतो. तिथल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ असं पद असतं आणि त्याला एम.एस.डब्ल्यू. लागते. दोन्ही दारं उघडी असलेली मुलं फार नसतात.

पोट भरण्याचं स्पष्ट सांगते. खाजगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि संस्थांच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्प असेपर्यंतच्या असतात. पण बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत लागणाऱ्यांना काय हातात पडतं, ते तुम्हाला निपाणीत कुणीही सांगेल. त्या तुलनेत हा तोट्याचा सौदा नाही. जागा कुठं असतात? वैद्यकीय महाविद्यालयांत, कॅन्सर रुग्णालयांत, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या संस्थांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. हुबळीत नवनगरला कॅन्सरचं जुनं रुग्णालय आहे, बेळगावात के.एल.ई.चं नवं कॅन्सर रुग्णालय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, बेंगळुरूला किदवाई कॅन्सर संस्था आहे. शिवाय २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यानं वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं आहे. त्याचा प्रत्यक्ष फायदा दिसायला वेळ लागेल. पण ‘ही काय नोकरी आहे का’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना सांगायला ठीक आहे.

शिक्षण दोन वर्षांचं, कोणत्याही शाखेची पदवी चालते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एम.एस.डब्ल्यू. आहे, कोल्हापुरात सायबर या संस्थेत आहे, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्थेत आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सध्या सीयूईटी-पीजी या केंद्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो. ही संस्था १९३६ पासूनची आहे, पण तिथंच जायला हवं असा हट्ट नको. ‘वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य’ हे स्पेशलायझेशन कुठं मिळतं ते बघा. पुढं मनोविकाराच्या अंगानं जायचं झालं तर बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पण ती आजची चिंता नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, आणि इथं मी तुमच्या बाजूनं थोडी आहे. मामाचं दुःख ताजं असताना हे ठरलंय. अशा कारणानं या कामात येणारे पुष्कळ असतात, त्यात वावगं काही नाही. पण पहिल्याच वर्षी तोंडाच्या कॅन्सरचा, मामाच्याच वयाचा पेशंट समोर आला तर ती त्याच्याशी बोलेल की मामाशी? मुलीला हा प्रश्न घरात सरळ विचारा. रडली तर रडू द्या, त्यावरून निकाल लावू नका. चांगल्या ठिकाणी नव्या माणसाला एकटं सोडत नाहीत, वरिष्ठ दर आठवड्याला बसवून घेऊन, कुठली केस मनाला लागली ते विचारतात. जिथं हे होत नाही तिथं चांगली चांगली माणसं दोन वर्षांत कोरडी पडतात, हे मी बघितलंय. आत्तासुद्धा तिला रात्री मामाची आठवण येऊन झोप लागत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. तिथं फोन करण्यात कमीपणा काही नाही.

बी.ए.चा निकाल लागेपर्यंतचे महिने वाया घालवू नका. एखाद्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या संस्थेत तिला स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून एखादा दिवस जाता येईल का, ते विचारा. मिरजेच्या त्या बाईंनाच आधी भेटली तर उत्तम. पहिले काही दिवस नुसतं रांगेत बसून लोकांना ओपीडीचा रस्ता दाखवायचा, कुणाला काही समजवायला जायचं नाही. त्यातून परत आल्यावर ती जेवते का, झोपते का, घरात पूर्वीसारखी बोलते का, हे तुम्ही बघा. ते माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट कळेल.

आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेजात इमारत, ग्रंथालय बघून परत येऊ नका. दोनच गोष्टी विचारा: फील्डवर्कसाठी मुलांना कोणत्या रुग्णालयात पाठवता, आणि तिथं त्यांच्यावर देखरेख कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या व्यक्तीचं नाव मिळालं तर फॉर्म भरा. ‘होते व्यवस्था’ असं उत्तर आलं तर पुढचं कॉलेज बघा.