सातची घंटा आणि तुमची पत्रं

नवव्या भागानंतर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर आपल्या चालू कादंबरीलाच दिलंय. ज्यांनी मधूनच वाचायला घेतलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वसईतलं एक गाव, तिथलं जुनं चर्च, क्वायरमध्ये गाणारी रीटा, आणि वेदीचं जुनं लाकडी कोरीवकाम दुरुस्त करायला नाशिकहून आलेला महेश.

गुड फ्रायडेच्या भागात रीटा सात वाजता वाट बघत बसते आणि घंटाच होत नाही. एवढा मोठा दिवस आणि घंटा का नाही? – एक वाचक, सोलापूर

दिवस मोठा आहे म्हणूनच नाही. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सात म्हणजे चर्चमधल्या उपासनेत गौरवगीताला, देवाच्या स्तुतीच्या गाण्याला, घंटा होते आणि मग ती गप्प होते ती थेट ईस्टरच्या आदल्या रात्री परत गौरवगीत सुरू होईपर्यंत, कारण ते प्रभूच्या मरणाच्या दुःखाचे दिवस, मध्ये गरज पडली तर लाकडी खटखटं वाजवतात. आता रीटा आणि महेशची भेटायची खूणच ती सातची घंटा, म्हणजे ते दोन दिवस त्यांना काही खूणच उरत नाही. रीटा लहानपणापासून त्या देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) वाढलीये, तिला हे माहितीये, तरी ती येऊन बसते. महेशला माहीत नाही, तो खोलीवर घंटेची वाट बघत बसलाय. हा सगळा भाग मी त्या एका गोष्टीसाठी लिहिला.

वसई किल्ल्यात एवढी सुंदर पडकी चर्च आहेत, तिथं दोघांना का नाही भेटवत? रोमँटिक वाटेल ना! – दोन मैत्रिणी, पुणे

बऱ्याच जणांनी विचारलंय हे. किल्ला मलाही फार आवडतो. 1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, मधली दोनशे वर्षं तिथं दगडात उभी आहेत. सेंट जोसेफचा मनोरा आहे, फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, जरूर जाऊन बघा. पण लोक वसईचं चर्च म्हटलं की तेवढंच बघतात, फोटो काढतात आणि परत जातात, आणि इकडे पापडी, गास, सांडोर, नंदाखाल इथली चर्च रोज सकाळी भरतात त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. रीटाचं प्रेम मला पडक्या भिंतीत नको होतं. जिथं तिला मागच्या बाकावरच्या चार बायका बघतायत, फादर नावानं ओळखतात, आणि आजी लाल लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसलीये, तिथं नजर वर उचलायलाही धाडस लागतं. ते धाडस मला लिहायचंय.

महेश म्हणतो आमच्या नाशकात तुमची घंटा आहे. हे खरं का कल्पना? – एक आजोबा, नाशिक रोड

आजोबा, तुम्ही तर गोदाकाठीच राहता, नारोशंकराची घंटा बघितलीच असेल. तीच ती. तिच्यावर 1721 साल आहे आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर ती इथल्या चर्चमधून तिकडे आली असं सांगतात. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही अशा घंटा आहेत. महेश लहानपणी ज्या घंटेखाली खेळला ती रीटाच्या मुलखातली निघते, आणि हे त्याला रीटाची आजी सांगते, रागानं नाही, माहेरच्या माणसाची चौकशी करावी तशी. पुढच्या भागात आहे ते, आत्ता एवढंच.

हे लोक घरात खरंच मराठी बोलतात? आमच्याकडे ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी असंच समजतात. – एक शिक्षिका, धाराशिव

ताई, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी 2020 मध्ये तुमच्याच गावात झालं आणि त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आमचे वसईचे. मिस्सा मराठीत, भजनं मराठीत, भांडणंही मराठीत. रीटाच्या घरी आजी आणि वडील आपसात कादोडी बोलतात, ती सामवेदी ख्रिस्ती लोकांची घरची बोली, आणि महेशला सुरुवातीला त्यातलं निम्मं कळत नाही.

लग्नासाठी महेशला धर्म बदलावा लागणार का? तसं झालं तर मी वाचणं बंद करीन. – एक वाचक, नागपूर

नाही लागत, आणि मीही त्याला बदलायला लावणार नाही. बिशपांची परवानगी मिळाली तर बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी चर्चमध्ये लग्न लागतं. ख्रिस्ती जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून होईल तेवढं करीन, आणि हे वचन दुसऱ्याला आधी नीट सांगितलेलं असावं लागतं. महेशचं मन अडतं ते इथं, मुलांपाशी, स्वतःपाशी नाही. दुसरा रस्ता 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा, 30 दिवसांची नोटीस आणि मग सह्या, पण चर्चची परवानगी न घेता तेवढंच केलं तर चर्च ते लग्न मानत नाही आणि रीटाला कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घेता येणार नाही. जी मुलगी दर रविवारी क्वायरमधून उतरून रांगेत उभी राहते तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही हो. कृपया तिला मागासलेली म्हणू नका, चार पत्रांत तसं लिहून आलंय आणि मला खरंच वाईट वाटलं.

मोगरा, केळी, पानवेली यातच दोन पानं जातात, प्रेम कधी? – कोल्हापूर

मोगरा पहाटे तोडून लोकलनं दादरला न्यावा लागतो. तोडताना शेजारी कोण उभं आहे ते परत वाचा.

माझं पण असंच आहे, तो आमच्यातला नाही. घरी सांगितलं नाही अजून. रीटा पळून गेली असती तर मला बळ आलं असतं. – नाव नको, वसई

बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. रीटा पळणार नाही, कारण तिला महेशही हवाय आणि ते देऊळही, आणि दोन्ही मागायचा तिला हक्क आहे. तुलाही आहे. तू आधी तुमच्या फादरांना जाऊन भेट, एकटी नको, त्याला घेऊन जा. परवानगीचा अर्ज त्यांच्याकडूनच वर जातो आणि त्याला वेळ लागतो, लग्नाआधीचा कोर्सही दोघांना करावा लागेल, त्यामुळे तारीख ठरवायच्या कितीतरी आधी जा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ असतो, तेव्हा सहसा लग्नं ठेवत नाहीत, तेही धरून चाल. मुलांच्या वचनाबद्दल त्याच्याशी आत्ताच बोल, फादरांसमोर पहिल्यांदा निघायला नको. आणि घरी आधी आईला सांग, बाबांना तिच्यासोबत बसून सांग.