तिथून आलो की झोप लागत नाही

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. नोकरी ठीक, घर ठीक, पण कशातच मन लागेना. कुणीतरी सुचवलं म्हणून एड्सची झळ बसलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जाऊ लागले. चार महिन्यांनी समुपदेशनाला आले ते हा प्रश्न घेऊन : "उमेद मिळेल म्हणून गेलो होतो. येतो ते दोन-दोन रात्री जागा राहतो. मी इतका कच्चा आहे का?"

हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, आणि दोष बहुधा मनाचा नसून जाण्याच्या पद्धतीत असतो. ते कधीतरी एखाद्या रविवारी जात, खेळणी वाटत, तासाभराने परतत. त्यात एकाही मुलाचं नाव नीट पाठ होत नाही, हातून एक काम पुरं होत नाही. उरते ती कीव, आणि कीव रात्री अंगावर येते.

एकदा तर त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, "तुला हा आजार कधी कळला?" मुलाला आजाराचं नावच माहीत नव्हतं. रक्तात एक जंतू आहे, रोजची गोळी त्याला झोपवून ठेवते, एवढंच त्याला सांगितलेलं. हे लपवणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शनानुसार ६ ते १२ या वयात मुलाला त्याची स्थिती सांगावी, त्याआधी समजेल तसं थोडं थोडं. पण ते काम पालकांचं आणि प्रशिक्षित माणसांचं, पाहुण्याचं नव्हे. शिवाय अशा संस्थांतल्या कितीतरी मुलांना संसर्ग नसतोच, आजाराने त्यांचे आईवडील नेलेले असतात. कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे विचारायचंच नाही.

घरून विरोध होता : "तिथलं पाणीसुद्धा पिऊ नका." एकत्र जेवण, मिठी, सामाईक संडास, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. मूल पडून रक्त आलं तर हातमोजे घालून जखम धुवायची. आपल्याच उघड्या जखमेत ते रक्त गेलं तर ती जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जायचं. प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. पत्नीला हे त्यांनी सांगून पटलं नाही. त्या एकदा सोबत आल्या, तेव्हा पटलं.

मग ठरलं ते असं. दर गुरुवारी दीड तास, तीच चार मुलं, फक्त गणित, बारा आठवडे. फोटो नाही, भेटवस्तू नाही, "मी नेहमी येईन" असं वचन तर मुळीच नाही. परतल्यावर घरात शिरण्याआधी वहीत तीन ओळी : काय झालं, काय जड गेलं, पुढच्या गुरुवारी काय. तिसरी ओळ सर्वांत उपयोगी, कारण डोक्यात घोळत राहणाऱ्या चेहऱ्याच्या जागी एक काम येतं.

पाचव्या आठवड्यात गाडं अडलं. ते न कळवता एक गुरुवार चुकले आणि पुढच्या वेळी एक मुलगी वहीच उघडेना. पेन्सिलीला टोक करत बसली, टोक मोडेपर्यंत, मग पुन्हा. ज्यांची माणसं एकदा न सांगता गेली आहेत, त्या मुलांना गैरहजेरी वेगळी लागते. येणार नसाल तर दोन दिवस आधी कळवा, तेही त्या मुलालाच.

पैशांचंही बोलणं झालं. १ डिसेंबरला, म्हणजे १९८८पासून पाळल्या जाणाऱ्या जागतिक एड्स दिनाला, भेटवस्तूंचा ढीग लागतो. खर्च मात्र बारमाही : तपासणीला नेण्याचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, शाळेच्या वह्या. म्हणून वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरलेली छोटी रक्कम संस्थेला जास्त कामाची.

बाराव्या आठवड्यानंतर ते आले. झोपेचं विचारलं तर म्हणाले, बरी आहे, आणि लगेच विषय बदलला. चारपैकी दोघांना हातचा अजून विसरायला होतो, आणि पुढे अपूर्णांक येणार आहेत. "ते मलाच आधी नीट बघायला हवेत," म्हणाले, आणि वही काढली.