वाचक विचारतात : एनॉक लाइटच्या स्टिरिओ तबकड्या

प्रश्न : अमेरिकेचा एनॉक लाइट नाचाचा बिग बँड चालवायचा, मग तो इझी लिसनिंगकडे, म्हणजे निवांत ऐकायच्या हलक्याफुलक्या वाद्यसंगीताकडे, का वळला? त्याची १९५९ची 'परस्युएसिव्ह पर्कशन' लावली, की बोंगो (हाताने वाजवायची छोटी ढोलकीजोडी) नेमका कुठून वाजतोय ते कळत नाही आणि खर्जही गायब होतो. तबकडी खराब आहे का?

उत्तर : तबकडीच्या आधी स्पीकरच्या वायरी बघा. एका स्पीकरला लाल-काळी वायर उलट जोडली गेली, की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज एकमेकांत विरतो, वाद्याला जागा राहत नाही. एखादं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं, गाणं लावा. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. तसा येत नसेल, तर अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोन्हींच्या बदलल्यात तर काहीच फरक पडणार नाही. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर अंतर ठेवा आणि दोघांपासून तेवढ्याच अंतरावर बसा. बोंगोच्या जोरदार थापेवरच आवाज चरचरत असेल, तर सुईवरचं वजन बघा. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलंय त्यापेक्षा ते कमी असलं, तर सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते आणि खाच खरवडते.

एवढी काळजी घ्यायची, कारण लाइटचं वळणच या डाव्या-उजव्यावर उभं आहे. १९४४ला अमेरिकेत नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसला. तो लवकरच २० वर आला, पण युद्धानंतर पंधरा-सतरा वादकांचा ताफा पोसणं बँडवाल्यांना झेपेना. १९५८ला स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि पुढच्याच वर्षी लाइटने 'कमांड' हे लेबल, म्हणजे तबकड्यांची कंपनी, काढलं. ओळखीच्या, सोप्या चाली घ्यायच्या, पण बोंगो डावीकडे, त्याला उत्तर देणारं वाद्य उजवीकडे, अशी वाद्यरचनाच दोन स्पीकरसाठी बांधायची. याला नुसता धंदा म्हणणं आम्हाला पटत नाही. यात वाद्यांची जागासुद्धा रचनेचा भाग झाली.

प्रश्न : त्याच्याच 'स्टिरिओ ३५/एमएम'मधले ३५ मिमी कसले?

उत्तर : सिनेमाच्या फिल्मच्या रुंदीचे. १९६१चं हे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नेहमीच्या टेपऐवजी चुंबकीय लेप दिलेल्या फिल्मवर झालं. पट्टा रुंद असल्याने खरखर कमी, कडेच्या भोकांमुळे वेग स्थिर आणि फिल्म जाड असल्याने एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर सहसा उमटत नाही. तबकडी मात्र नेहमीसारखीच आहे, तिला वेगळी सुई लागत नाही.