‘स्वखुशीने’ राजीनामा मागतात तेव्हा

प्रश्न : मी २७ वर्षांची, भांडुपला राहते. १ एप्रिलपासून एका खासगी रुग्णालयात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणाला आहे. ही माझी पहिलीच नोकरी. महिना १४,००० रुपये स्टायपेंड मिळतो, स्लिपवर ईएसआयसीचे १०५ रुपये कापलेले असतात. मध्येच सोडलं तर ६०,००० भरायचे, असा बाँड लिहून घेतलाय. आता मला पाचवा महिना आहे, तारीख फेब्रुवारीअखेरची. मध्यंतरी लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरून पेशंट उतरवायचा होता. मी हात लावला नाही आणि सरांना खरं कारण सांगितलं. दोन दिवसांनी एचआरने बोलावून टाइप केलेलं पत्र पुढे केलं : ‘वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा.’ म्हणाले, पुढच्या बॅचला घेऊ, बाँडचं बघून घेऊ, आणि तू विद्यार्थिनी आहेस, तुला मॅटर्निटी लागू नाही. सासूबाई म्हणतात सही कर, घरी बस. काय करू?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही १०५ रुपयांचा उल्लेख जाता जाता केलाय, पण तुमची सगळी बाजू त्या एका ओळीवर उभी आहे. १४,००० रुपयांचे पाऊण टक्का म्हणजे बरोबर १०५. ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ, आणि त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा पाऊण टक्काच असतो. मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे तुमच्यासाठी रुग्णालय दर महिन्याला आणखी ४५५ रुपये भरतं, निदान भरायला हवं. हा विमा कर्मचाऱ्यांचा असतो, विद्यार्थ्यांचा नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली रीतसर नोंदणी झालेला शिकाऊ उमेदवारही त्यातून वगळलेला आहे. तेव्हा तुमचे पैसे कापून घेताना तुम्ही कर्मचारी आणि पोटुशी राहिलात की विद्यार्थिनी, हे दोन्ही एकदम चालणार नाही. करारावर ‘ट्रेनी’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. वांद्र्याच्या कामगार न्यायालयात मी असे ‘ट्रेनी’ पुष्कळ पाहिले, काही तर आठ-आठ वर्षं ट्रेनी होते.

आज रात्रीच एप्रिलपासूनच्या सगळ्या स्लिप काढा. त्यावर तुमचा दहा आकडी विमा क्रमांक असेल. तो घेऊन ईएसआयसीच्या संकेतस्थळावर किंवा शाखा कार्यालयात जाऊन कापलेले पैसे खरंच जमा झालेत का ते बघा. झाले नसतील तर भांडण वेगळं होईल, पण तेही तुमच्याच बाजूचं.

जमा झाले असतील तर हिशेब सोपा आहे. प्रसूती लाभासाठी ७० दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही कामावर होतात, ती केव्हाच पूर्ण झाली. नव्याने विमा झालेल्याला लाभ रुजू झाल्यापासून नऊ महिन्यांनी खुला होतो. तुमचा १ जानेवारीला होतो, आणि प्रसूतीच्या जास्तीत जास्त आठ आठवडे आधी रजा सुरू करता येते, म्हणजे तीही जानेवारीतच. (जुलैत रुजू झाला असतात तर मला हे उत्तर वेगळं लिहावं लागलं असतं.) पहिल्या बाळंतपणाला २६ आठवडे, पूर्ण पगाराने, ढोबळमानाने ८४,००० रुपये. जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, २६ आठवडे मात्र तेवढेच राहिले.

आणि हे पैसे महामंडळ देतं. रुग्णालयाच्या गल्ल्यातून एक रुपयाही जात नाही. एचआरमधल्या माणसाला हे माहीत नसावं असा मला दाट संशय आहे. ‘सहा महिने फुकट पगार’ या भीतीपोटी असली पत्रं टाइप होतात. ती भीती आधी शांतपणे काढून टाका, निम्मी लढाई तिथेच संपेल.

प्रशिक्षणाचा करार मार्चअखेर संपतो म्हणून लाभही तिथेच तुटेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ पुढे चालू राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात दिला. त्याही करारावरच्याच डॉक्टर होत्या.

आता त्या पत्राकडे. प्रसूतीच्या रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे, हे कायद्यात सरळ लिहिलंय. म्हणूनच काढल्याचा कागद कोणी देत नाही, राजीनामा मागतात. एकदा ‘स्वखुशीने’च्या खाली तुमची सही आली की दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय बाँड ‘मध्येच सोडल्यास’ असा आहे. सोडणारी कोण? राजीनामा देणारी! म्हणजे त्यांच्या सांगण्यावरून सही करून साठ हजारांचं देणंही तुम्हीच ओढवून घ्याल. ‘बघून घेऊ’ याला कागदावर काही किंमत नाही. बाँड म्हणजे रद्दी, असं मात्र समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तुम्ही सोडत नाही आहात, हाच तुमचा बचाव, आणि तो सही न करण्यावरच टिकतो.

या संदर्भात नीरा माथुर यांचं प्रकरण आठवतं. आयुर्विमा महामंडळाने त्यांना आधी प्रशिक्षण दिलं, मग सहा महिन्यांच्या परिविक्षेवर (प्रोबेशनवर) घेतलं. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत येतात तो कामावरून काढलेल्या. कारण काय, तर रुजू होताना भरलेल्या फॉर्ममध्ये पाळीच्या तारखेची माहिती खोटी दिली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि बायकांना लाज वाटावी असे रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं. ते सरकारी महामंडळ होतं, तुमचं रुग्णालय खासगी, तेव्हा तो निकाल जशाच्या तसा तुमच्या हातात येत नाही. पण तुम्हीही असा काही फॉर्म भरला असेल तर त्याची प्रत जपून ठेवा.

एका मुद्द्यावर मात्र रुग्णालयाचं बरोबर आहे. जुन्या चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. पेशंट खुर्चीवर नाहीतर चादरीच्या झोळीत उतरवावा लागतो, आणि मागच्या माणसाचा हात सुटला तर पेशंट पायऱ्यांवर जातो. हे ज्याला जमत नाही त्याला प्रमाणपत्र देऊ नये, आणि तुम्हीही तसं मागू नका. माफी मागायची नाही, मुदत मागायची. उचलण्याची चाचणी आणि अँब्युलन्सवरचे उरलेले तास प्रसूतीनंतर, पुढच्या बॅचबरोबर. तोवर थिअरी, टेबलावर ठेवलेल्या पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव, कंट्रोल रूममध्ये फोन घेणं, साहित्याची तपासणी. पोर्टेबल एक्स-रे चालू असेल तिथे आणि कांजिण्या-क्षयाच्या पेशंटजवळ ड्युटी नको, हेही लिहा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एम.एड.च्या विद्यार्थिनीचा ५९ दिवसांच्या प्रसूती रजेचा अर्ज फेटाळणारा विद्यापीठाचा निर्णय रद्द केला होता. शिक्षण की मूल, अशी निवड बाईवर लादता येणार नाही, असा त्याचा सूर होता. म्हणजे ‘तू विद्यार्थिनीच’ हे धरून चाललं तरी त्यांची सुटका नाही.

बाईने मागितल्यावर तिला अवजड किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रसूतीच्या साधारण दहा आठवडे आधीपासून लागते. तुम्हाला पाचवाच महिना आहे. तेव्हा आत्ता तुमचा आधार तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी. त्यात ‘विश्रांती घ्यावी’ असं मोघम नको. ‘वजन उचलणे टाळावे, बसून करायचे काम करण्यास हरकत नाही’ असं हवं. पहिल्या चिठ्ठीवर ते तुम्हाला घरी पाठवतील, दुसरीवर पाठवता येणार नाही.

पत्र चार ओळींचंच ठेवा : ‘दिनांक अमुक रोजी मला राजीनाम्याचे तयार पत्र सहीसाठी देण्यात आले. मी राजीनामा देत नाही. मी गरोदर असून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. कृपया प्रशिक्षणाचा शारीरिक भाग प्रसूतीनंतर पूर्ण करण्याची परवानगी द्यावी व तोपर्यंत हलके काम द्यावे.’ दोन प्रती काढा, एकीवर पोहोच म्हणून शिक्का आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. एचआरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका आणि इतक्यात फोनही बदलू नका. पुन्हा केबिनमध्ये बोलावलं तर ‘लेखी द्या, लेखी उत्तर देते’ एवढंच म्हणा. रडू आलं तरी हरकत नाही, पेन उचलू नका.

सात-आठ दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गेटवर अडवलं, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार द्या. वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन करा. तिथून मिळालेल्या वकिलाकडे पहिल्या भेटीत करार, बाँड, सगळ्या स्लिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा.

सासूबाईंचं म्हणणं काळजीपोटीच असणार. त्यांना ८४,००० चा आकडा सांगा, आणि सही केली तर मागता येतील ते ६०,०००ही.