गाडीतलं होमलिंक (रिमोटचं काम करणारी, गाडीतच बसवलेली बटणं) गॅरेज उघडतं, पण गेट उघडत नाही. काय करावं?

अमेरिकेत गेटचे बरेचसे मोटर रोलिंग कोडवर चालतात, म्हणजे दर वेळी नवा कोड. होमलिंक गेटच्या रिमोटकडून फ्रिक्वेन्सी आणि पद्धत शिकतं, पण गेटच्या रिसीव्हरनेही तुमची गाडी ओळखायला हवी. नेमकी हीच पायरी राहून जाते.

रिमोटमध्ये नवा सेल घाला. रिमोट होमलिंकपासून ३ ते ८ सेंटीमीटरवर धरून रिमोटचं आणि होमलिंकचं बटण एकदम दाबून ठेवा. गेटचे काही रिमोट एक-दोन सेकंदांत सिग्नल थांबवतात. तसं असेल तर होमलिंकचं बटण दाबलेलंच ठेवा आणि रिमोटचं दर दोन सेकंदांनी दाबा-सोडा. होमलिंकचा दिवा भरभर लुकलुकला की झालं.

पुढे होमलिंकचं ते बटण दाबून बघा. दिवा स्थिर राहिला तर फिक्स्ड कोड (दर वेळी तोच), गेट उघडायला हवं. दोन सेकंद लुकलुकून स्थिर झाला तर रोलिंग कोड. मग गेटच्या कंट्रोल बॉक्समधलं 'लर्न' बटण दाबून सोडा आणि साधारण ३० सेकंदांच्या आत गाडीतलं बटण दोन सेकंद, गरज पडल्यास तीनदा दाबा. धावतपळत जाण्यापेक्षा दोघं असलेलं बरं.

सोसायटीचं गेट असेल तर बॉक्सला कुलूप असतं, व्यवस्थापनालाच सांगावं लागतं. रिसीव्हरची मेमरी भरली असेल तर नवी गाडी घेतली जात नाही.

आणि हो, होमलिंकची दोन टोकांची बटणं एकत्र दाबून धरू नका, गॅरेजचंही सेटिंग पुसलं जाईल.